बोल्ट न काढता

नेमबाज मंडळाच्या काडतुसांच्या खोलीचा कारभार बाल्झ श्ट्राइफकडे चोवीस वर्षे होता, आणि या चोवीस वर्षांत त्याने कोणाचेही बोलणे तपासल्यावाचून स्वीकारले नव्हते. एखादा म्हातारा पोटमाळ्यावरून वाडवडिलांची रायफल काढून आणी आणि तिच्या वयाविषयी, पराक्रमाविषयी काही सांगू लागे, तेव्हा बाल्झ ते सगळे शांतपणे ऐकून घेई, चष्मा पुसे, आणि म्हणे, "छान. आता बोल्ट काढ." खाली शहरातल्या कारखान्यात त्याने अडतीस वर्षे यंत्राचे सुटे भाग मोजले होते. केसाच्या जाडीइतका फरक त्याच्या हातून सुटत नसे, आणि वाक्यातला फरक तर मुळीच सुटत नसे. सभेच्या इतिवृत्तातील 'सुमारे' या शब्दावर त्याने एकदा पाऊण तास वाद घातला होता आणि तो जिंकलाही होता.

खोलीच्या दारावर त्याने स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलेला एक फलक होता. डावीकडे रायफलींची साले, उजवीकडे त्यांना चालणारी काडतुसे. त्यातल्या दोन ओळी तांबड्या शाईत होत्या. '१८८९ ची : १९११ चे काडतूस कधीही नाही.' आणि तिच्याखाली, '१८९६ ची : आधी पाहणी, मग परवानगी.'

या दोन ओळी तांबड्या असण्याचे कारण खोऱ्यातल्या प्रत्येक नेमबाजाने बाल्झच्या तोंडून निदान दहा वेळा ऐकले होते. १९११ चे काडतूस म्हणजे या देशात घराघरातली वस्तू. बापाने तेच उडवलेले, आजानेही तेच. ते १८८९ च्या रायफलीतही अलगद जाते, आणि काडतुसामागून नळी बंद करणारा दांडा, म्हणजे बोल्ट, कोणतीही कुरकुर न करता बंद होतो. घात आहे तो नेमका तिथेच. त्या जुन्या रायफली सौम्य दारूच्या काडतुसासाठी घडवलेल्या; बोल्टला जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या खुंट्या त्यांत पार मागच्या टोकाला. नव्या काडतुसाचा दाब त्यांना सोसत नाही. पुढे १८९६ मध्ये कारागिरांनी त्या खुंट्या पुढे आणल्या. बाहेरून पाहिले तर दोन्ही रायफली जुळ्या बहिणी. फरक कळायचा तर बोल्ट काढून पाहावा लागतो, आणि त्याला अर्धे मिनिट लागते.

ते अर्धे मिनिट बाल्झने मार्च महिन्यात, योस्ट हेफ्टीच्या स्वयंपाकघरात, वाचवले.

योस्ट शाळेत त्याच्याच वर्गातला, दोघेही अडुसष्ट वर्षांचे. योस्टने आयुष्य गाईंमागे काढले, बाल्झने मोजमापांमागे, आणि दर शुक्रवारी संध्याकाळी दोघे एका टेबलाशी बसून एकमेकांच्या आयुष्याची टिंगल करत आले होते. त्या दिवशी योस्टची बायको एल्सबेत घरी नव्हती, आणि योस्टने पेंडीच्या गोणपाटात गुंडाळलेली आजोबांची रायफल टेबलावर ठेवली होती. एप्रिलच्या पहिल्या रविवारी जुन्या हत्यारांचा सामना होता, आणि त्यात आजोबांच्या रायफलीनेच उतरायचे योस्टने ठरवले होते.

"बुधवारी खाली जातोय," योस्ट म्हणाला. "त्या बंदूकवाल्याला दाखवून आणतो. रेगुला म्हणाली, इतकी वर्षं न उडवलेली आहे तर दाखवून घेतलेली बरी."

रेगुला मंडळाची नवी अध्यक्ष. वय चौतीस. तिचे म्हणणे नियम नव्हते, सल्ला होता; परंतु हा सल्ला तिने बाल्झला न विचारता दिला होता, आणि तो त्याच्या जिव्हारी लागला.

"त्या पोरट्याला?" बाल्झ म्हणाला. "अरे, अवघड काही आलं की तो मला फोन करतो. आणि तू वीस किलोमीटर जाऊन त्याला विचारणार, त्याने मला विचारावं म्हणून?"

"मला काय, दोन्ही सारखेच. तू फुकट बघतोस, तो पैसे घेऊन बघतो." योस्ट हसला. "बघ मग. बोल्ट काढू?"

बाल्झने रायफल हातातही घेतली नाही. त्याने खुर्चीत मागे टेकून बोटे जुळवली. युक्तिवाद मांडताना तो नेहमी तसे करी.

"तुझा आजा भरती कधी झाला? नव्व्याण्णव साली. सभागृहातल्या पाटीवर कोरलंय. शिपायाला बंदूक मिळते ती भरतीच्या वर्षी, आणि तीच तो जन्मभर घरी ठेवतो. नव्व्याण्णवच्या रंगरुटाच्या हातात शहाण्णवची नाही तर काय असणार? खुंट्या पुढे आहेत. दस्ता धड आहे, नळी मला इथूनही स्वच्छ दिसतेय. बोल्ट काढून काय बघायचंय, तुझ्या आजाची दाढी?"

"म्हणजे अकराचं काडतूस चालेल?"

"खुशाल घाल."

"नक्की ना रे?"

"योस्ट, मी आजवर तुला कधी चुकीचं सांगितलंय?"

योस्टने मनापासून विचार केला आणि नाही म्हणाला. बुधवारी तो खाली गेला नाही.

या खोऱ्यात घरच्या रायफलीचे वय शिपायाच्या भरतीच्या सालावरून सांगणे ही रीतच आहे, आणि ती बहुधा खरीही ठरते. परंतु शिपाई असलेले भाऊभाऊ आपसांत रायफली बदलतात; शस्त्रागारातला कारकून हाती येईल ती देतो; कोणी अमेरिकेला जाताना आपली धाकट्याला देऊन जातो. हे सगळे बाल्झला ठाऊक होते. त्याने स्वतःच ते मंडळाच्या वार्तापत्रात लिहिले होते, तेही दोन भागांत.

सामन्याच्या दिवशी बाल्झ गुणांच्या मेजाशी बसला होता आणि त्याच्या जागी काडतुसांच्या खिडकीत कार्यकारिणीतला हाइरी होता. हाइरीने विचारले, कोणत्या सालची? योस्ट म्हणाला, शहाण्णवची, पाहणी झालीय. हाइरीने अकराच्या काडतुसांची डबी पुढे सरकवली.

चौथ्या गोळीचा आवाज वेगळा आला. नेमबाजाच्या कानाला आवाजातला फरक आधी कळतो आणि अर्थ मागाहून. बाल्झने मान वर केली तेव्हा योस्ट गुडघ्यांवर बसलेला होता, दोन्ही हात चेहऱ्यावर, आणि बोटांतून रक्त येत होते. काडतुसाची पुंगळी बुडाशी फाटली होती. वायू आणि पितळेच्या कपच्या मागे येऊन त्याच्या उजव्या डोळ्यात शिरल्या होत्या.

रेगुलाने गोळीबार थांबवला, रायफल उचलली आणि वाकडा झालेला बोल्ट मोठ्या कष्टाने बाहेर ओढला. खुंट्या मागे होत्या. बाल्झला त्या दहा पावलांवरूनही दिसल्या.

योस्टचा डोळा गेला.

त्याच आठवड्यात मंडळाच्या मागच्या खोलीत कार्यकारिणी बसली. टेबलावर कॉफी होती, आणि हिरव्या त्सीगर चीजचे पाव. त्यांना कोणी हात लावत नव्हते.

"मी विचारलं होतं बरं का," हाइरी पुन्हा पुन्हा सांगत होता. "तोंडाने म्हणाला, शहाण्णवची. पाहणी झालीय म्हणाला. कुणी केली ते मी विचारलं नाही. दारावर हा एवढा फलक लावलाय, तांबड्या शाईत! गाईलासुद्धा वाचता येईल."

"गाईला आलं असतं," दुसरा कोणी म्हणाला, "योस्टला नाही आलं." आणि आपल्याच विनोदाने ओशाळून त्याने कप तोंडाला लावला.

रेगुला बाल्झकडे वळली. "बाल्झ, त्याने तुला दाखवली होती का रायफल?"

हे उत्तर देण्यास बाल्झला फार तर दोन क्षण लागले असतील. त्या दोन क्षणांत त्याने चार वाक्ये घडवली, तीन टाकून दिली आणि चौथे उच्चारले.

"त्याने माझ्यासमोर बोल्ट काढलेला नव्हता."

वाक्य निर्दोष होते. त्यातला एकेक शब्द खरा होता. न्यायालयातही ते टिकले असते. रेगुलाने मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिले. "म्हणजे न दाखवताच आणली," हाइरी म्हणाला, आणि बाल्झने त्याला दुरुस्त केले नाही. ज्या माणसाने 'सुमारे' या शब्दासाठी पाऊण तास घेतला होता, तो तेवढ्याशा 'म्हणजे'पुढे गप्प बसला. आपल्या मानेवरून कानांपर्यंत ऊन चढल्यासारखे त्याला वाटले, आणि कोणी ते पाहील म्हणून तो पावावर वाकला.

रविवारी तो इस्पितळात गेला. जाताना ठरवून गेला होता की सांगायचे. योस्टच्या अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती आणि उरलेला अर्धा त्याला पाहून उजळला.

"ये रे. बस. फलकवाल्या!" योस्ट म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला. "बाल्झ, माझ्यामुळे तुझ्या खोलीची अब्रू गेली. हाइरी येऊन गेला, सगळं सांगितलं त्याने."

"तसं काही नाही."

"एक विचारू? हसू नकोस. मला असं आठवतंय की तूच म्हणालास, शहाण्णवची आहे म्हणून. आमच्या स्वयंपाकघरात. मी बोल्ट काढू का विचारलं आणि तू नको म्हणालास. अगदी डोळ्यांसमोर येतंय. आता एकाच डोळ्यासमोर म्हणायचं." तो हसायला गेला आणि पट्टी ताणली जाऊन थांबला. "एल्सबेत म्हणते, शक्यच नाही. बाल्झ न बघता तोंड उघडायचा नाही. आणि हाइरी म्हणतो, तू कार्यकारिणीत सांगितलंस की मी तुला दाखवलीच नाही. मग मीच काहीतरी... असं होतं का रे? न घडलेलं इतकं स्वच्छ आठवतं का माणसाला?"

खिडकीबाहेर डोंगराच्या माथ्यावर अजून बर्फ होते. बाल्झने त्याकडे पाहिले. आताच, तो स्वतःला म्हणाला. परंतु त्याच्या तोंडून आले ते असे: "तुला मार बसलाय. आता डोक्याला ताण देऊ नकोस. झोप."

"हं," योस्ट म्हणाला. "असंच असेल."

खाली येताना लिफ्टच्या आरशात बाल्झला स्वतःचा चेहरा दिसू लागला, म्हणून तो पाठ फिरवून उभा राहिला. पुढला महिनाभर तो काडतुसांच्या खोलीत गेला नाही. गुडघा दुखतो म्हणून सांगितले. घरी बसून त्याने एक टिपण लिहायला घेतले: १८८९ ते १८९९ या काळात शस्त्रागारांतून रायफली कशा वाटल्या गेल्या असाव्यात, आणि भरतीच्या सालावरून काढलेला निष्कर्ष कितपत ग्राह्य. टिपण अकरा पानांचे झाले. त्यात योस्टचे नाव कुठेच नव्हते. एका सकाळी त्याने ते वाचले आणि खणाच्या तळाशी कोंबले. इतके सुरेख, इतके रेखीव, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत पळ काढणारे असे त्याने आयुष्यात काही लिहिले नव्हते.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात पावाच्या दुकानात हाइरी भेटला.

"कळलं का? योस्ट उन्हाळ्यात गाई नेतो ते वरचं कुरण सोडतोय. रविवारी शेजारच्या मार्टीच्या पोराच्या नावे सही करतोय. गाईंसकट."

"डोळ्यामुळे?"

"डोळ्याचं काय रे! एका डोळ्याने गाई काय अर्ध्या दिसतात?" हाइरीने पाव काखेत धरला आणि इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. "डोकं. त्याच्या बापाचं झालं तसं. म्हणतो, न घडलेल्या गोष्टी आठवतात मला. वर एकटा असताना दूध उकळायला ठेवीन आणि भलत्याच डोंगरावर जाईन. काल गुरांच्या डॉक्टरलासुद्धा विचारत होता, माणसाचं डोकं कसं तपासतात म्हणून."

योस्टचा बाप बाल्झला आठवत होता. नोव्हेंबरात, बर्फात, स्वेटरवर, शेतात नसलेल्या गाईंना नावाने हाका मारत फिरणारा. तेव्हा दोघे चाळिशीत होते, आणि त्याला घरी आणायला योस्टबरोबर बाल्झही जाई.

बाल्झने पाव घेतलाच नाही. तो तसाच चढ चढून हेफ्टींच्या घरी गेला.

एल्सबेत बटाटे सोलत होती. योस्ट टेबलाशी बसून एका वहीत गाईंची नावे लिहीत होता. हरेक नावापुढे तिची खोड, कोणती लाथ मारते, कोणती गडगडाटाला घाबरते, मार्टीच्या पोरासाठी. डाव्या डोळ्याने पाहताना त्याची मान तिरकी होत होती.

"बस," तो म्हणाला. "गुडघा कसाय?"

"मला काही सांगायचंय," बाल्झ उभ्यानेच म्हणाला, आणि त्याने सांगायला सुरुवात केली. सुरुवात भरतीच्या सालापासून झाली. मग रायफली वाटण्याची पद्धत आली, मग निष्कर्ष आणि प्रत्यक्ष पाहणी यांतला भेद आला. एल्सबेतचा हात थांबला होता. योस्टच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हते.

"बाल्झ," एल्सबेत मध्येच म्हणाली, "तू काय सांगतोयस तेच मला कळत नाहीये."

"योस्टला जे आठवतं ते बरोबर आहे," बाल्झ म्हणाला.

चुलीवरचे पाणी सळसळत होते.

"काय बरोबर आहे?" योस्टने हळू विचारले.

"तू बोल्ट काढू का म्हणालास. मी नको म्हणालो. शहाण्णवची आहे, असं मीच सांगितलं. तू खाली जाणार होतास, तेही मीच अडवलं."

योस्टने पेन्सिल खाली ठेवली. बाल्झला वाटले आता तो ओरडेल. त्याने ओरडावे असे त्याला मनापासून वाटत होते, खांदे त्यासाठी तयारही झाले होते. परंतु योस्ट त्याच्याकडे पाहतच नव्हता.

"एल्सबेत," तो म्हणाला, "ऐकलंस का हे? हा खरंच बोलला ना आत्ता? मला ऐकू आलं तसंच बोलला?"

"बोलला," एल्सबेत म्हणाली. तिने सुरी टेबलावर आपटली. "सहा आठवडे, बाल्झ! सहा आठवडे हा माणूस झोपेतून उठून मला विचारतोय, एल्सबेत, आपली मुलं दोनच ना? आपलं लग्न याच घरात झालं ना? डोळा गेला तेव्हा नाही रडला तो. आणि तू खाली बसून काय करत होतास?"

"टिपण लिहीत होतो," बाल्झ म्हणाला. दुसरे खरे उत्तर त्याच्यापाशी नव्हते.

"काय लिहीत होतास?"

"काही नाही."

योस्टने वहीचे कोरे पान फाडले आणि पेन्सिलीसह त्याच्याकडे सरकवले. "लिही. उद्या सकाळी उठून मला वाटेल, हे पण मी मनानेच रचलं. लिहून दे."

बाल्झ बसला. हात सरावाने चालू लागला. 'तत्कालीन उपलब्ध माहितीच्या आधारे व प्रचलित रीतीस अनुसरून, प्रस्तुत रायफल १८९६ च्या बनावटीची असावी असा निष्कर्ष काढण्यात आला, तथापि...'

योस्टने कागद ओढून डोळ्याजवळ धरला आणि बराच वेळ वाचला. "हा कुणी काढला? निष्कर्ष."

"मी."

"मग 'मी' कुठाय?"

बाल्झने ते वाक्य खोडले आणि दुसरे लिहिले. योस्टने पुन्हा वाचले. "ही रीत कशाला? रीत माझ्या स्वयंपाकघरात आली होती? काढ. आणि हे 'तथापि' कशाला? काढ." तो चिडून बोलत नव्हता, गाईच्या पायातला काटा शोधावा तसा एकेक शब्द चाचपत होता. तिसऱ्या वेळी त्याने एल्सबेतला वाचायला दिले. तिने एका शब्दावर बोट ठेवले: 'दुर्दैवाने'. बाल्झने तोही काढला.

शेवटी चार ओळी उरल्या. 'योस्टने बोल्ट काढू का विचारले. मी नको म्हणालो. रायफल मी हातात घेतली नाही. मंडळाने विचारले तेव्हा, आणि इस्पितळात योस्टने विचारले तेव्हा, मी खरे लपवले.' यापेक्षा उघडे असे काही बाल्झच्या हातून कधी कागदावर उतरले नव्हते. अक्षर वाकडे आले होते. खाली सही करताना त्याला वाटले, या दोन म्हाताऱ्यांसमोर आपण अंगावरचे कपडे काढून उभे आहोत आणि ते दोघे आपल्याकडे लक्षही देत नाहीत.

"तारीख घाल," योस्ट म्हणाला. "आणि रेगुलाला दुसरा लिही. याहून एक शब्दही जास्त नको."

"लिहितो."

योस्टने कागद मोठ्याने वाचून काढला, सावकाश, पहिलीतल्या मुलासारखा. मग पुन्हा एकदा वाचला. उरलेल्या डोळ्यातून पाणी येऊ लागले तसे त्याने ते बाहीने पुसले. "बघ," तो एल्सबेतला म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो ना, तो त्या खुर्चीत बसला होता. आजाच्या दाढीचं पण काहीतरी म्हणाला होता. म्हणाला होतास ना रे?"

"म्हणालो होतो."

"म्हणाला होता!" योस्ट टेबलावर हात मारून म्हणाला.

एल्सबेतने भिंतीवरचा फोन उचलला. "मार्टी? हेफ्टींकडून बोलतेय. रविवारी येऊ नका. नाही, प्रकृती ठीक आहे. हो, वर जाणार आहे तोच." तिने फोन ठेवला आणि नवऱ्याच्या शेजारी बसली. योस्टने वही पुढे ओढली. आता त्याला दुसरेच मोजायचे होते: विणीला आलेल्या कोणत्या दोन गाई खाली ठेवाव्यात आणि एका डोळ्याने कड्याच्या बाजूचे कुंपण बांधायला कोणाला बरोबर न्यावे. ती एक नाव सुचवी, तो नाकारी. तो दुसरे सुचवी, ती हसे.

मदतीला मी येतो, असे बाल्झच्या जिभेवर आले. वाक्य पूर्ण तयार होते. त्याने ते मनातल्या मनात तपासले, आणि त्यात क्षमा मागण्यापेक्षा क्षमा मिळवण्याची घाई अधिक दिसली, तेव्हा त्याने ते गिळून टाकले. तो उठला. त्याने टोपी घेतली. त्याला कोणी जा म्हटले नाही, आणि थांब असेही म्हटले नाही.

तो दाराशी पोचला तेव्हा एल्सबेत वहीतून मान वर न करता म्हणाली, "दार ओढून घे. वारं येतंय."